कोकणातल्या विहिरीसाठी पाणीपातळी लॉगर: होबो यू२०एल, आणि त्याच्यासोबत काय काय घ्यावं लागतं

होबो यू२०एल हा ऑनसेट या अमेरिकन कंपनीचा पाणीपातळी टिपणारा लॉगर. पंधरा सेंटिमीटर लांब आणि सव्वातीन सेंटिमीटर जाड पॉलिप्रॉपिलीनची नळी, टोकाला सिरॅमिकचा दाबमापक, आत घड्याळ, मेमरी आणि लिथियम बॅटरी. वायर नाही, अँटेना नाही, आकडा दाखवणारी काच नाही. दोरीला बांधून विहिरीत सोडायचा, की तो ठरवलेल्या वेळी दाब आणि तापमान लिहून ठेवतो. मत आधीच सांगून टाकतो: कोकणातल्या उघड्या विहिरीसाठी सौदा चांगला आहे, पण हा एकटाच घेतला तर पैसे पाण्यात. हवेचा दाब टिपणारा दुसरा लॉगर आणि हाताने मोजायची टेप सोबत हवीच. तिघांपैकी एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर टेप घ्या, लॉगर पुढच्या वर्षी.

मुळात लॉगर लागतो कशाला? केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं: जानेवारी, एप्रिल-मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. जिल्ह्याचा किंवा राज्याचा अंदाज बांधायला तेवढं पुरतं. जांभ्यातल्या एका विहिरीला मात्र पुरत नाही. जांभा वरून चाळणीसारखा आणि खाली शेडीचा चिकट थर. पाऊस ज्या घाईने आत शिरतो त्याच घाईने शेडीवरून सरकत झऱ्यावाटे ओढ्याला आणि ओढ्यातून खाडीला मिळतो. ऑगस्टच्या मोजणीत तुडुंब दिसलेली विहीर नोव्हेंबरात काही मीटर खाली गेलेली असते. ती कधी आणि किती वेगाने उतरली हे दोन ठिपक्यांमध्ये रेघ मारून कळत नाही. वनराई बंधाऱ्याने पाणी टिकलं की यंदा परतीचा पाऊस लांबला म्हणून टिकलं, हा वाद मिटवायचा तर निदान रोजची नोंद लागते.

यू२०एल तीन मापांच्या खोलीसाठी मिळतो: -०४ हा ४ मीटरचा, -०१ हा ९ मीटरचा आणि -०२ हा ३० मीटरचा. इथे मीटर म्हणजे विहिरीची खोली नव्हे, लॉगरच्या डोक्यावर जास्तीत जास्त किती पाणी उभं राहील ते. सहा ते बारा मीटर खोलीच्या चिऱ्याच्या विहिरीला -०१ बहुतेक वेळा पुरतो. ‘असू दे मोठा, सुरक्षित राहील’ म्हणून -०२ घेणं चूक, कारण अचूकता पूर्ण मापाच्या टक्क्यात मोजतात. -०१ची चूक साधारण १ सेंटिमीटर आणि फार तर २. -०२ची त्याच्या तिप्पट. उलट बाजूही ध्यानात ठेवा: -०१ सुमारे १८ मीटर पाण्याखाली गेला की दाबमापक फुटतो. साठ मीटरच्या बोअरमध्ये दोरी सुटली तर लॉगर परत मिळूनही उपयोग नाही.

मेमरीत सुमारे २१,७०० नोंदी बसतात. तासाला एक नोंद ठेवली तर जवळपास अडीच वर्षं, पंधरा मिनिटांना एक ठेवली तर साडेसात महिने. साध्या विहिरीला तास पुरे. मिनिटाला एक ठेवली तर पंधरा दिवसांत पाटी भरते, आणि असा हौशीपणा बरेच जण करतात. बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ५ वर्षं. घरी बदलता येत नाही. सोलिन्स्टचा लेव्हलॉगर ५ या बाबतीत वरचढ: दीड लाख नोंदी, १० वर्षांची बॅटरी, ०.०५ टक्के अचूकता. पण किंमतही तशीच वरची, आणि गावच्या विहिरीत बादली आपटण्याच्या जागी इतकं महाग काही लटकवायला मन धजत नाही.

आता कोकणापुरता खरा मुद्दा. बाजारात दुसऱ्या जातीचेही लॉगर आहेत, ज्यांच्या केबलमधून एक बारीक हवानळी वर येते. हवेचा दाब आपोआप वजा होतो, हिशेब करावा लागत नाही. कागदावर हेच सोयीचं. पण नळीच्या तोंडाशी ओलावा शोषणारं सिलिका जेल असतं आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. जेलचा रंग बघता बघता पालटतो. वेळेत बदललं नाही की नळीत पाणी धरतं आणि मग लॉगर कोणता दाब मोजतोय ते त्यालाच ठाऊक. यू२०एल पूर्ण बंद असतो, बाहेरची ओली हवा त्याच्या आत शिरतच नाही. म्हणूनच तो इथे टिकतो. सिमकार्डवरून आकडे पाठवणारी यंत्रं शासकीय जाळ्यात ठीक. गावाने ती घेताना वाडीत रेंज आहे का, पावसाळ्यात सोलर पॅनेल किती चालेल आणि वीज कुठे पडते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

बंद लॉगर पाण्याचा आणि हवेचा दाब एकत्र मोजतो, म्हणून हवेचा वेगळा मोजून वजा करावा लागतो. हे टाळता येतं का, असं हमखास विचारलं जातं. नाही. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतला आणि जून-जुलैतला सरासरी दाब यांत सुमारे १० हेक्टोपास्कलचा फरक असतो, म्हणजे पाण्याच्या भाषेत १० सेंटिमीटर. रोजचा चढउतार ३-४ सेंटिमीटरचा. वादळात तर बोलायलाच नको: ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कलपर्यंत उतरलेला होता. अशा वेळी वजाबाकी न केलेल्या आलेखात भर पावसात विहीर वीतभर खाली गेलेली दिसेल.

हवेसाठी -०४ घ्या. कंपनीही तोच सुचवते. माहितीपत्रकात तो त्याच विहिरीत पाण्याच्या वर टांगायला सांगतात. कोकणात तसं करू नका, जुलैत पाणी कठड्याशी येतं आणि हवेचा लॉगर बुडतो. त्याला पडवीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात सावलीत टांगा. तापलेल्या पत्र्याखाली नको, दाबमापकाला उष्णतेची बाधा होते. सुमारे १५ किलोमीटरच्या परिसरातल्या विहिरींना असा एकच पुरतो, त्यामुळे चार-पाच गावांनी मिळून घेतला तर खर्च वाटला जातो. मात्र एकदा टांगला की वर्षभर जागा बदलायची नाही, आणि त्याची नोंदीची वेळ विहिरीतल्याशी तंतोतंत जुळलेली हवी.

हिशेब एकदा हाताने करून बघावा, मग सॉफ्टवेअरवर विश्वास बसतो. समजा सकाळी ६ वाजता विहिरीतला लॉगर १५२.४० किलोपास्कल सांगतो आणि पडवीतला १००.८०. फरक ५१.६०. कोकणातल्या विहिरीचं पाणी साधारण २७ अंशांचं, त्याचा १ मीटर उभा स्तंभ ९.७५ किलोपास्कल दाब देतो. भागाकार ५.२९ मीटर: इतकं पाणी लॉगरच्या डोक्यावर. लॉगर मोजखुणेपासून (कठड्यावरची कायमची खूण) ९.१० मीटरवर टांगला असेल तर खुणेपासून पाणी ३.८१ मीटरवर, आणि कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच असेल तर जमिनीपासून ३.०६ मीटर. पाठ्यपुस्तकातला ९.८१ वापरला तर तीन सेंटिमीटरचा फरक पडतो.

होबोवेअर हे सॉफ्टवेअर हेच करून देतं. त्यात दोन जागी माणसं फसतात. पहिली जागा पाण्याच्या प्रकाराची: गोडं, मचूळ की खारं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, पण म्हणून लगेच ‘खारं’ निवडायचं नाही. पुरतं समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, म्हणजे चार मीटरच्या स्तंभात १० सेंटिमीटरचा फरक. विहिरीचं पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. चवीला मचूळ लागणाऱ्या विहिरीलाही ‘गोडं’ हाच पर्याय बहुधा बरोबर ठरतो. दुसरी जागा संदर्भपातळीची. टेपने मोजलेलं माप तिथे द्यायचं असतं, आणि ते खुणेपासून खाली मोजलेलं असेल तर उणे चिन्हासह: -३.८१. चिन्ह विसरलात तर पाणी चढलं की आकडाही वाढतो आणि वाचणारा तो खोली म्हणून वाचतो. अख्खा पावसाळा उलटा. असा आलेख ग्रामसभेत लागला की कुणीतरी म्हातारा उठून ‘आमची विहीर श्रावणात आटते होय?’ म्हणणारच, आणि त्याचं बरोबर असतं.

किनाऱ्यालगतच्या आगरातल्या विहिरीत आणखी एक गोष्ट दिसते: भरती-ओहोटीबरोबर पातळी हलते, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) जास्त, भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) कमी. महिन्यातून एकदा टेपने मोजणाऱ्याला हा डोल कळत नाही. एका महिन्यात भरतीला आणि पुढच्यात ओहोटीला मोजलं तर विहीर उतरली असं वाटतं. तासाच्या नोंदी असल्या की चोवीस तास पन्नास मिनिटांची सरासरी काढून डोल बाजूला करता येतो. आणि इथे सेंटिमीटरला किंमत आहे. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी तरंगतं, हा जुना ढोबळ नियम. त्या हिशेबाने वरचे १० सेंटिमीटर गेले की खालून खारं पाणी ४ मीटर वर येऊ शकतं. म्हणूनच अशा विहिरीच्या मोजखुणेची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा लेव्हल लावून काढून घ्यावी. मोबाईलमधला जीपीएस उंचीसाठी निरुपयोगी. यू२०एल क्षारता मोजत नाही, हा त्याचा उणेपणा या पट्ट्यात जाणवतो. वेगळा ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देणारा) घ्या, दर महिन्याला १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणात जुळवून घ्या, आणि नमुना नुसता पृष्ठभागावरचा न घेता खोलीवरूनही घ्या, कारण पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं.

बसवणीकडे वळू. विहिरीत लॉगर नुसता लोंबकळत ठेवला तर कळशी, रहाटाची दोरी, पंपाचा फूटव्हॉल्व्ह आणि उन्हाळ्यात उड्या मारणारी पोरं यांच्यापैकी कुणीतरी त्याला हलवणारच. दोन इंची पीव्हीसी पाइप कठड्यापासून तळाच्या वीतभर वरपर्यंत चिऱ्याला क्लँपने घट्ट करा. पाइपला दर १५ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरची भोकं, खालचं तोंड जाळीने बंद, वरचं टोपी घातलेलं पण टोपीलाही भोक. वरचं भोक पाडायचं राहून गेलं तर पाइपातली हवा कोंडते आणि पातळी खोटी दिसते. लॉगर तळात टेकवू नका, गाळात नाक रुतलं की दाब मंदावतो. तळापासून ३०-४० सेंटिमीटर वर ठेवा. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, म्हणून स्टेनलेसची बारीक वायर वापरा, तीही ३१६ प्रतीची. ३०४ची वायर किनाऱ्यावर, त्यातून जलसुरक्षक नियमाने टीसीएल (क्लोरिनची ब्लीचिंग) पावडर टाकत असेल तर, बारीक खड्डे पडून तुटते. लॉगरचं स्वतःचं अंग प्लास्टिकचं असल्याने त्याला क्लोरिनचं आणि खाऱ्या पाण्याचं फारसं वावडं नाही. या किमतीत हा त्याचा मोठा गुण. विहिरीत सोडलेली कासवं आणि गप्पी मासे पाइपामुळे बाहेर राहतात, शेवाळ मात्र आत येतं. दर तीन महिन्यांनी टोकाची टोपी काढून मऊ ब्रशने धुवा. पिनेने भोक टोकरू नका.

मेमधला गाळ काढणं हा वेगळा प्रसंग. विहीर उपसायच्या आदल्या दिवशी लॉगर काढा, काढल्याची वेळ लिहा, आणि परत सोडताना वायरची लांबी पुन्हा मोजा. हे न केल्यास आलेखात जून उजाडण्याआधीच एक पायरी दिसते आणि तिचं कारण पुढे कुणालाच आठवत नाही.

आकडे उतरवून घ्यायला लॉगर वर काढून कपलरमध्ये (त्याला संगणकाशी जोडणाऱ्या खोबणीत) बसवावा लागतो. संवाद प्रकाशाने होतो, म्हणून टोकाची खिडकी पुसून कोरडी हवी. शेवाळाचा पातळ पापुद्राही पुरतो अडवायला. पावसात लॅपटॉप उघडण्यापेक्षा कंपनीचं वॉटरप्रूफ शटल (आकडे साठवून घरी नेणारी डबी) बरं, हिरवा दिवा लागला की काम झालं. ते लॉगरचं घड्याळही जुळवतं, पण शटलचं स्वतःचं घड्याळ आधी तपासा. लॉगरचं घड्याळ महिन्याला मिनिटभर इकडेतिकडे होतं, वर्षात ते दिसून येतं.

टेपबद्दल. ‘वॉटर लेव्हल इंडिकेटर’ या नावाने मिळते: रिळावर मिलिमीटरच्या खुणांची चपटी टेप, टोकाला शलाका, पाणी लागलं की शिट्टी. विहिरीला ३० मीटरची पुरे, बोअर असतील तर १०० मीटरची. कोकणात तिच्या दोन खोडी. पावसाळ्यात चिऱ्यांतून पाणी ठिबकत असतं आणि शलाका ओल्या भिंतीला टेकली तरी वाजते. याउलट जांभ्यातलं पाणी इतकं मऊ, क्षार इतके कमी, की संवेदनशीलतेची कळ खाली असेल तर शलाका पाण्यात बुडूनही गप्प राहते. घेताना अशी कळ असलेलीच घ्या, आणि विहिरीवर जाण्याआधी घरात साठवलेल्या पागोळीच्या पाण्यात वाजवून बघा. त्यात वाजली तर कुठेही वाजेल. माप दोनदा घ्यायचं. एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. मोजायची वेळ पहाटेची, पंप सुरू होण्याआधी. कठड्यावर ऑइलपेंटने बाण काढून ठेवा, नाहीतर दर महिन्याला वेगळ्या चिऱ्यावरून मोजलं जातं.

पंपाचा गोंधळ हा लॉगरच्या नोंदीतला दोष समजू नका, ती फुकटची माहिती आहे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे ७,०७० लिटर. पंप बंद झाल्यावर तासात २० सेंटिमीटर पाणी चढलं तर झऱ्याची आवक तासाला सुमारे १,४०० लिटर. मार्च, एप्रिल आणि मे या प्रत्येक महिन्यात असा एक दिवस काढून ठेवला की टँकर कधी मागवायचा याचा अंदाज सरपंचांना आधीच देता येतो. त्या दिवसापुरती नोंद पाच मिनिटांवर आणावी.

नोंदवहीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते यंत्रामुळे नाही, एक्सेलमुळे. कोरड्या विहिरीपुढे ‘०’ लिहिण्याची सवय सर्रास आहे. जमिनीपासून ० मीटर म्हणजे पाणी अगदी जमिनीशी, म्हणजे जुलैतली तुडुंब विहीर! मेमधलं असं एक शून्य सरासरीची वाट लावतं. रकाना रिकामा ठेवा आणि शेऱ्यात ‘कोरडी’ लिहा, सोबत तळाची खोली. दुसरं, या लेखात छापलेत तसे देवनागरी आकडे तक्त्यात टाकू नका. संगणक त्यांना बहुधा मजकूर समजतो आणि बेरजेतून गुपचूप वगळतो. तिसरं, तारीख. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०३/०७ हा ३ जुलै न राहता ७ मार्च होतो आणि १३ तारखेपासून पुढचं सगळं मजकूर होऊन बसतं. वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. लॉगरमधून उतरवलेली मूळ फाइल कधीही उघडून ‘नीट’ करायची नाही. तिची प्रत करा आणि हिशेब प्रतीत करा. फाइलच्या नावात विहिरीचा क्रमांक, लॉगरचा सिरीयल क्रमांक आणि उतरवल्याची तारीख. ‘बामणवाडी नवीन फायनल २’ या नावाच्या फाइलीतून दोन वर्षांनी काही सापडत नाही. टेपच्या मापांसाठी रकाने इतकेच: विहीर क्रमांक, तारीख, वेळ, खुणेपासून पाणी, खुणेची जमिनीपासून उंची, पंप चालू की बंद, ईसी, मोजणारा, शेरा. जमिनीपासूनची खोली हाताने लिहू नका, सूत्राने निघू द्या. मोबाईलवर भरायचं असेल तर कोबोटूलबॉक्सवर हाच तक्ता मराठीत करता येतो आणि रेंज नसतानाही भरता येतो.

लॉगरचं माप दर वर्षी थोडं सरकतं. दर महिन्याच्या टेपच्या मापाशी ताडून बघा. फरक हळूहळू दोन-तीन सेंटिमीटरवर गेला तर सरक, एकदम उडी मारली तर वायर हलली. दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते, पहिलीत फरक सगळ्या महिन्यांत वाटायचा, दुसरीत उडीच्या क्षणापासून पुढचाच भाग उचलायचा.

कोटेशन मागवताना विहिरीचा लॉगर, हवेचा लॉगर, कपलरसह बेस स्टेशन किंवा शटल, सॉफ्टवेअर, कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र, आयात शुल्क आणि जीएसटी हे सगळं वेगवेगळ्या ओळींत मागा. नुसत्या लॉगरच्या किमतीवर ठराव मंजूर होतो आणि नंतर कळतं की आकडे बाहेर काढायचं साधनच यादीत नाही. बनावटीचा महिनाही लिहून मागा; गोदामात पडून राहिलेल्या लॉगरची बॅटरी विहिरीत उतरण्याआधीच काही अंशी खर्ची पडलेली असते. खाडीपासून दूर, वर सड्यावर एकच विहीर आहे आणि ती मोजायला रोज कुणीतरी जाऊ शकतं, अशांनी लॉगर घेऊ नये. त्यांना टेप, ऑइलपेंट आणि वही पुरते.